खालच्या थरातलं नाव

कोहमाऱ्याच्या फाट्यावर गोंदियाची बस तासभर उशिरा होती, आणि ढाब्याच्या पत्र्यावर श्रावणातला पाऊस असा काही कोसळत होता की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागत होतं. म्हणून तर रविताला ते सगळं ऐकू आलं.

"अबे, तिसऱ्यांदा! तिसऱ्यांदा वापस केला तिनं माझा डबा!" मागच्या बाकड्यावर तिच्याकडे पाठ करून बसलेला एक मुलगा फोनवर ओरडत होता. "कोन म्हणजे? तीच, गोंदियाची बिसेन मॅडम. बाई आहे का चेकपोस्ट, काही समजूनच नाई राहिलं... नाई बे, पाह्यलं नाई मी तिले कधी. पन्नाशीची असन. मोठा चष्मा असन नाकावर. आता चाललो ना समोरासमोर भेटाले. पाय धरतो अन् म्हणतो, मावशी, जाऊ द्या आता एकदाचा!"

रविताने चहाचा कप खाली ठेवला. वय सव्वीस, डोळ्यांना चष्मा नाही, आणि गोंदियाच्या आरोग्य न्यासात बिसेन आडनावाची ती एकटीच. देवरीकडच्या एका उपकेंद्रात कॉम्प्युटर लावून देऊन ती परत निघाली होती. ओढणीचं टोक पिळत तिनं मान वळवली.

"पाय धरून काही होणार नाही," ती म्हणाली. "तुमचा प्रोग्राम सर्व्हरच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मागतो. त्याला काम एकाच खोलीत आहे. एकच किल्ली मागा, चौथ्यांदा वापस नाही येणार."

मुलगा वळला. फोन कानालाच. पावसाने चिकटलेले केस, बारीक मिशी, आणि चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत चाललेला...

"तुम्ही...?"

"मावशी," रविता म्हणाली आणि कप पुन्हा उचलला.

टिकेश हरिणखेडे नागपूरच्या ज्या कंपनीत होता, ती न्यासासाठी प्रोग्राम बनवून पाठवायची. न्यासाकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीची नोंदवही होती. कोण निरोगी, कोण रुग्ण, कोण नुसता वाहक. वाहकाला सहसा स्वतःला काही त्रास होत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर मुलाला आजार होण्याची भीती असते. त्यामुळे त्या नोंदवहीतलं एकेक नाव म्हणजे कुणाचं तरी जुळणारं नाहीतर मोडणारं लग्न होतं. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधून यायचं. त्याला कंटेनर म्हणतात. पण न्यासाचे प्रमुख, निवृत्त डॉक्टर केशोराव त्याला डबा म्हणत, म्हणून सगळेच डबा म्हणत. हा डबा सर्व्हरवर चढवण्याआधी रविता तो तपासायची. सील खरंच पाठवणाऱ्याचं आहे का, वाटेत कुणी हात तर घातला नाही, आतलं कुठलं सामान सडकं आहे का, भरणाऱ्याचं काही चुकून आत राहिलंय का. तिची डिजिटल सही झाल्याशिवाय सर्व्हर डबा आत घेतच नसे.

ती कडक होती, याला कारण होतं. दवनीवाड्याला, तिच्या गावी, ती अकरावीत असताना शाळेत रक्ततपासणी झाली होती. तिच्या कार्डावर 'वाहक' लिहून आलं. आई प्रेमिलाने ते कार्ड पेटीत, लुगड्यांच्या तळाशी दडवलं आणि एवढंच म्हटलं, "हे कोनाले सांगायचं नाई." पुढे दोन वर्षांनी मामेबहीण खुशीचं तसंच कार्ड कुणाच्या तरी हाती लागलं, आणि साक्षगंध झालेलं लग्न आठ दिवसांत मोडलं. रविताने ते घर पाहिलं होतं. मांडवासाठी आणलेले बांबू अंगणात तसेच पडून होते.

बस आली तेव्हा एकच बाकडं रिकामं होतं. खिडकीतून पाणी आत येत होतं. टिकेशने आपली प्लास्टिकची फाइल खिडकीच्या फटीत खोचली आणि रुमालाने तिची जागा पुसली.

"टिकेश हरिणखेडे," चौकीत गुन्हा कबूल करावा तसं त्यानं नाव सांगितलं.

"माहीत आहे. तीनदा वाचलंय."

"मग आता राग...?"

"राग कशाचा? पन्नाशीची म्हणालात त्याचा, की चष्म्याचा?"

"चेकपोस्टाचा," तो पटकन म्हणाला. "बाकी दोन्ही शब्द वापस घेतले."

ती हसली. हसायचं नव्हतं, पण हसली. गोरेगाव येईपर्यंत त्यानं तिला डब्यातल्या त्या किल्लीबद्दल चार प्रश्न विचारले आणि चारही उत्तरं वहीत लिहून घेतली. तपासणाऱ्या माणसाचं म्हणणं लिहून घेणारा असा कुणी तिला आजवर भेटला नव्हता.

"डबा नीट करून पाठवतो," गोंदियाला उतरताना तो म्हणाला. "पण डबा भरणारा मानूस कसा वाटला, तेही लिहा ना रिपोर्टात."

"माणसं तपासणं माझं काम नाही," ती म्हणाली आणि छत्री उघडून रेलटोलीच्या रस्त्याला लागली. वळणावर एकदा मागे पाहिलं तिनं. तो अजून तिथंच, भिजत उभा!

चौथा डबा पास झाला. पाचवाही. डब्यासोबत एक चिठ्ठी येते, त्यात काय बदललं ते दोन ओळींत लिहायचं असतं. टिकेशच्या चिठ्ठ्या हळूहळू तीन ओळींच्या झाल्या. 'लॉगिनचं पान दुरुस्त केलं. जुना पासवर्ड काढला. नागपुरात आज ऊन आहे, तिकडे?' रविता परत लिहायची, 'तपासलं. मंजूर. इकडे ढग.' केशोरावांनी एकदा हे वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हवामान खात्याचं काम कधीपासून सुरू केलं आपण?" रविता कानापर्यंत लाल झाली.

मग तो दर दुसऱ्या शुक्रवारी यायला लागला. म्हणायला उपकेंद्रांतल्या तक्रारी ऐकायला. काम दुपारीच आटपायचं. मग दोघं स्टेशनकडच्या एका हॉटेलात पोहे-जिलेबी खायचे. रविता डावखुरी होती. चहा आला की टिकेश काही न बोलता तिच्या कपाचा कान डावीकडे फिरवून ठेवायचा. पहिल्यांदा तिला वाटलं, सहज झालं असेल. दुसऱ्यांदा तिनं पाहिलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "हे काऊन?"

"काऊन म्हणजे? तुले लागते ना डाव्या हातानं."

'तुले' म्हणाला तो. तोवर 'तुम्हाला' चाललं होतं. दोघांनाही ते एकदम जाणवलं, आणि दोघंही जिलेबीकडे पाहत बसले.

"आता वापस घेऊ का शब्द?" त्यानं हळूच विचारलं.

"राहू दे," रविता म्हणाली.

तोही तिच्याच पोवार समाजाचा होता, आमगावच्या पलीकडल्या पिपरटोल्याचा. वडील नव्हते, आई आणि तीन एकर धान. कुळी वेगळी. म्हणजे घरच्यांनी नाही म्हणावं असं काहीच नव्हतं. ऑफिसातून घरी जाताना रविता हे सगळं मनातल्या मनात मोजून पाहायची आणि शेवटी एका जागी येऊन अडायची. आईच्या त्या पेटीशी. सांगायला हवं... आज नाही, पुढच्या शुक्रवारी. पुढचा शुक्रवार यायचा, तो कपाचा कान फिरवायचा, आणि तिच्या ओठांवर आलेलं पुन्हा आत जायचं. तोही कधी कधी बोलता बोलता थांबायचा. "रविता, एक गोष्ट..." म्हणायचा आणि मग विचारायचा, "अजून जिलेबी सांगू का?"

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी सातवा डबा आला. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'घाईत पाठवतो आहे. उद्या येतोय ना!' त्या उद्गारचिन्हाकडे पाहून रविता जराशी हसली आणि तपासणी सुरू केली.

सील बरोबर होतं. पण स्क्रीनवर एक लाल ओळ उमटली. डबा हा थरावर थर लावून भरला जातो. वरच्या थरात एखादी फाइल पुसली, तरी खालच्या थरात ती तशीच राहते. बाहेरून दिसत नाही, पण उकलून पाहणाऱ्याला सापडते. टिकेशने प्रोग्राम चालतो की नाही ते पाहायला एक यादी आत ठेवली होती आणि नंतर पुसली होती. खालच्या थरात ती होती. चाचणीसाठी खोटी नावं वापरायची असतात; ही यादी खोट्या नावांची नव्हती.

अशा वेळी काय करायचं, याचा नियम होता. रवितानेच तो लिहिला होता. फाइलच्या पहिल्या दहा ओळी उघडून पाहायच्या, माहिती खरी आहे एवढी खात्री करायची, फाइल बंद करायची, डबा परत पाठवायचा. तिनं दहा ओळी पाहिल्या. गावांची नावं होती, वयं होती, शेवटच्या रकान्यात निकाल. आमगाव तालुका.

आमगाव तालुका... तिचा हात माउसवर थांबला.

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. केशोराव आतल्या खोलीत फोनवर होते. फाइल बंद करायला एक क्लिक पुरे होतं. रविताने शोधायच्या चौकोनात 'हरि' एवढीच अक्षरं टाकली. आपण हे करतोय, हे तिला पुरतं कळत होतं. पुढे कितीदा तरी तिनं स्वतःला सांगून पाहिलं की हात आपोआप गेला. तसं नव्हतं. एक-एक अक्षर तिनं स्वतःच्या बोटांनी दाबलं होतं.

टिकेश रूपलाल हरिणखेडे. पिपरटोला. वाहक.

आधी तिला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. आपण एकटे नाही! तो आपल्यासारखाच... मग लगेच दुसरा विचार आला. दोघंही. ज्या दोघांनी लग्न करू नये म्हणून न्यासाची माणसं गावोगाव समजावत फिरतात, तेच ते दोघं.

तिनं फाइल बंद केली. डबा परत केला. रिपोर्ट लिहिला, 'खालच्या थरात खऱ्या माणसांची यादी राहिली आहे. तातडीने नष्ट करावी.' पाचच मिनिटांत त्याचा फोन आला.

"रविता, चुकलं. बेक्कार चुकलं माझं. पुसली होती मी ती, देवाशपथ. थराचं ध्यानातच नाई राहिलं." मग त्यानं विचारलं, "तू... उघडून पाह्यली का ती?"

"दहा ओळी," ती म्हणाली. "नियमाप्रमाणे."

पलीकडे त्यानं सोडलेला श्वास तिला ऐकू आला. "बरं," तो म्हणाला. "बरं झालं."

त्या एका क्षणात खरं बोलता आलं असतं. पुढे तिला सगळ्यात जास्त तोच क्षण आठवत राहिला.

कंपनीने टिकेशला लेखी ताकीद दिली. तो शुक्रवार चुकला. त्यानंतर तो आला तेव्हा पहिल्यासारखाच वागायला बघत होता. रविताला जमत नव्हतं. ती वाट पाहू लागली होती. तो स्वतःहून सांगतो का, कधी सांगतो, कसा सांगतो. बोलता बोलता ती मुद्दाम वाट करून द्यायची.

"तुला काही सांगायचं आहे का मला?"

"हाव," तो म्हणायचा. "पोह्यात आज मीठ नाई."

पूर्वी ती यावर हसली असती. आता ती मनात नोंद करायची, आज नाही सांगितलं. लपवतोय. स्वतःचं कार्ड पेटीच्या तळाशी ठेवून ती त्याच्यावर रुसत होती, आणि हे तिच्या लक्षातही येत नव्हतं. त्याचे फोन ती एकदा उचलायची, दोनदा नाही. चिठ्ठ्यांना उत्तर म्हणून नुसतं 'मंजूर' जाऊ लागलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो मोटारसायकल घेऊन आला आणि म्हणाला, "चल, परसवाड्याच्या तळ्यावर. सारस दिसतात म्हणे."

सारस काही दिसले नाहीत. पाण्यावर ऊन पसरलं होतं, कडेच्या बांध्यांत धान पिवळं पडत चाललं होतं. टिकेश गवताची एक काडी मोडत राहिला. मोडून झाली की दुसरी घ्यायचा.

"रविता, मले तुझ्याशी लग्न करायचं आहे," तो एकदम म्हणाला. "पण त्याच्या आधी एक गोष्ट सांगतो, मग तू ठरव. लई दिवसांपासून सांगीन सांगीन म्हणतो, पण जीभच नाई उचलत. कॉलेजात तपासणी झाली होती... मले सिकल आहे."

केवढं मोठं ओझं त्यानं तिच्यापुढे उतरवून ठेवलं होतं! त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळले होते. आणि रविताला एवढंच वाटलं की याला पटकन धीर द्यावा.

"अरे, वाहकच तर आहेस," ती म्हणाली. "रुग्ण थोडाच आहेस तू!"

टिकेशच्या हातातली काडी मोडायची थांबली.

"वाहक," तो सावकाश म्हणाला. "मी तं नुसतं सिकल म्हणलं."

तळ्यावर वारा आला आणि गेला.

"पाह्यली तू," तो म्हणाला. ओरडला नाही. "दहा ओळी नाई. माझं नाव पाह्यलं."

"टिकेश, मी..."

"ती फाइल राहिली, तो माझा गुन्हा. चार हजार लोकाइची नावं माझ्या चुकीनं उघडी पडली असती. तू पकडली म्हणून वाचली. मी त्या दिवशी घरी जाऊन आईले म्हणलं, ती पोरगी होती म्हणून वाचलो." तो उठून उभा राहिला. "अन् महिनाभर तू पाहून राहिली, हा सांगते का नाई सांगत. परीक्षा घेऊन राहिली माझी."

आताच सांगायला हवं होतं. 'मीसुद्धा' एवढा एकच शब्द. पण आता म्हटलं, तर तो सबब वाटेल, दया मागितल्यासारखं वाटेल, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि ती गप्प राहिली.

त्यानं तिला गोंदियाला, तिच्या गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलं. तिनं उतरताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यानं खांदा काढून घेतला नाही. पण वळूनही पाहिलं नाही.

दिवाळी कशी गेली, ते तिला विचारू नये. त्यानं फोन केला नाही. तिनं चारदा नंबर लावला आणि वाजायच्या आधीच चारदा तोडला. दिवाळीनंतर ऑफिस उघडलं, त्या सकाळी ती केशोरावांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. कुणाचं नाव, तेवढं मात्र सांगितलं नाही.

केशोरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दहा ओळींचा नियम तूच लिहिला होतास ना?"

"हो."

"किती नावं शोधलीस?"

"एक."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे. "शुक्रवारी यायचा तो मुलगा हल्ली येत नाही," ते म्हणाले. तिनं मान खाली घातली. "महिनाभर तू सही करणार नाहीस. यापुढे अशी फाइल दोघांनी मिळून उघडायची. आणि ज्याचं नाव पाहिलंस, त्याला न्यासाचं पत्र जाईल. हाही आपलाच नियम आहे, बेटा."

"पत्र जायच्या आधी मी स्वतः जाऊन येऊ का?"

"जाऊन ये. पत्र परवा पाठवतो," केशोराव म्हणाले.

पिपरटोल्याला ती दुपारी पोहोचली. आमगावहून सहा आसनी रिक्षा होती. अंगणात धानाची रास पडली होती, आणि एक बाई सुपानं धान उपणत होती. टिकेशचाच चेहरा, फक्त उन्हानं रापलेला. ती सुखवंता, त्याची आई.

"टिकेश आहे का, काकू? ऑफिसातून आले मी."

"बांधीत हाय वो बाई. आज मशीन आली ना धान चुराले. येईन आता. तू बस, उन्हातानाची आली." रविता नको नको म्हणत असताना तिनं ताट वाढलंही. नव्या धानाचा भात, वांग्याची भाजी. स्वतः समोर बसून ती वाढत राहिली आणि बोलत राहिली. "ऑफिसातले लोक येतच नाई कोनी आमच्याकडं. टिकेश म्हने, दिवाळी झाली का एक पोरगी आनतो तुले दाखवाले. म्या म्हनलं, आन बाप्पा, फक्त पोटभर जेवनारी आन. आता दिवाळी बी गेली. इचारलं तं बोलतच नाई पोरगा. उगाच मुका झाल्यावानी रायते... तुमच्याच ऑफिसात हाय का वो ती?"

रविताने हातातला घास ताटात ठेवला. "माहीत नाही, काकू," ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

तेवढ्यात टिकेश फाटकातून आत आला. केसांत धानाचा भुसा, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. तिला आपल्या आईसमोर ताटावर बसलेली पाहून तो क्षणभर उभाच राहिला.

"हात धुतो," तो म्हणाला. "मग बांधीकडे चल."

कापलेल्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ते बसले. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. लांबून मळणीच्या मशीनचा आवाज येत होता.

"मीसुद्धा वाहक आहे," रविता म्हणाली. शेवटी किती सोपं निघालं ते! "अकरावीपासून माहीत आहे. आईशिवाय कुणाला माहीत नाही. तुझं नाव पाहिलं ते त्याच्यासाठीच... नाही, ते पण खरं नाही. मला जाणून घ्यायचं होतं म्हणून पाहिलं. माझं सांगायची हिंमत नव्हती, अन् तुझं आधीच माहीत करून घेतलं. मी ऑफिसात सांगितलंय. तुला पत्र येईल. पण त्याच्याआधी मी..."

तो पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत राहिला.

"तळ्यावर सांगतलं असतं हे, तं..." तो म्हणाला.

"तर?"

"नाई माहीत. कदाचित रडलो असतो दोघंही. मग बसलो असतो विचार करत. डॉक्टर असतात, तपासण्या असतात, न होईना मूल, लोक राहतातच ना? ते सगळं बोलता आलं असतं, रविता. सिकलचं काही अडलं नव्हतं." त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तू मले विचारलं असतं ना, त्याच मिनिटाले सांगतलं असतं. तू यादीले विचारलं."

रविताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलं नाही.

"राग आहे अजून?"

"राग गेला," तो म्हणाला, "रागाचं काही नसते. पण तुझ्या समोर बसलो का आता मले वाटते, हिनं अजून काय काय पाहून ठेवलं असन. अन् हे वाटणं जाऊन नाई राहिलं. लई प्रयत्न केला मी."

"वेळ लागेल कदाचित..." ती म्हणाली.

"मी पुण्याच्या कामावर बदली मागून घेतली," तो म्हणाला. "पहिल्या तारखेले जातो. न्यासाचं काम आता दुसऱ्याकडं राहीन. चांगला पोरगा आहे. त्याचे डबे नीट पाहत जा. घाई लई करते."

ती हसली, रडतानाच. तोही हसला थोडा. तेवढंच.

निघताना सुखवंताने नव्या तांदळाची पिशवी तिच्या हातात कोंबली. "आईले सांग, पिपरटोल्याचे हायेत. अन् येत जाय वो बाई, तुझ्यासारखी पोरगी आली का घर भरल्यावानी वाटते." रविताने वाकून तिच्या पायांना हात लावला. टिकेश फाटकाशी उभा होता, तोंड दुसरीकडे करून.

आमगावपर्यंत त्यानं तिला मोटारसायकलवरून सोडलं. बस लागलेली होती. ती चढली, खिडकीशी बसली. तो खाली उभा होता, बस सुटेपर्यंत. हात हलवला नाही त्यानं. नुसता उभा राहिला. वळणावर धुळीत तो दिसेनासा झाला, तरी ती मागेच पाहत होती.

डिसेंबरात न्यासाच्या पत्राची पोचपावती पुण्याहून परत आली. केशोरावांनी ती रविताच्या टेबलावर ठेवली. छापील कागद होता. 'आपली माहिती कारणाशिवाय पाहिली गेल्याचे आम्हांस कळले आहे,' असं वर लिहिलेलं, आणि खाली एक चौकोन: 'आपली या संदर्भात तक्रार आहे काय?' त्यात टिकेशच्या अक्षरात लिहिलं होतं, 'नाही.' त्याखाली सही आणि तारीख.

लोक म्हणाले असते, चांगला मुलगा, मोठ्या मनाचा. रविता मात्र त्या दोन अक्षरांकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. त्यानं तक्रार केली असती, तर चौकशीसाठी म्हणून का होईना, तो एकदा तिच्यासमोर येऊन बसला असता.